डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिनी तुंबली आहे : इंजेक्शन घ्यावे का? (कोल्हापूर)

करवीरवासी : वडिलांचे वय ६४ असून आम्ही शिवाजी पेठेत राहतो. वर्तमानपत्र वाचताना त्यांना उजव्या डोळ्याने ओळींचा मधला भाग पुसल्यासारखा दिसू लागला. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. पडद्यातील नीला तुंबून मध्यभागी सूज आल्याचे निदान झाले आणि डोळ्यात इंजेक्शन घेण्यास सांगितले आहे. ‘डोळ्यात सुई’ म्हटल्यावर वडील घाबरले असून महिनाभर थेंब घालून पाहू म्हणतात. थांबावे का?

पंचगंगाकाठ : कृपया थांबू नका. माझ्या आईवर याच आजाराचे उपचार चालू आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पडद्यात धमनी नीलेला ओलांडते तिथे रक्तदाबामुळे कडक झालेली धमनी नीलेला दाबते, तिथे गुठळी होते आणि मागे तुंबलेले रक्त व पाणी पाझरून नजरेच्या मध्यबिंदूवर सूज येते. थेंबांनी ही गुठळी विरघळत नाही. इंजेक्शनही गुठळी काढत नाही, ते सूज उतरवते. मात्र सूज रेंगाळली तर तिथल्या पेशी कायमच्या निकामी होतात आणि पुढे कितीही औषध दिले तरी तेवढी नजर परत येत नाही.

वडिलांना एवढे अवश्य सांगा, की सुई बुबुळात जात नाही. बधिर करणारे थेंब घालून, डोळा आयोडीनने स्वच्छ करून, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवून बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागात ती टोचतात. आईला दाब जाणवला, फारसे दुखले नाही. नंतर दुखणे वाढले किंवा नजर आणखी अंधुक झाली, तर जंतुसंसर्गाची शक्यता असल्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

एका इंजेक्शनाने सहसा भागत नाही. सुरुवातीला दरमहा द्यावे लागते आणि ओसीटी तपासणीत (पडद्याच्या थरांचे स्कॅन) सूज पाहून पुढचे ठरते, म्हणून खर्चाचा अंदाज आधीच घ्या. इंजेक्शनच्या औषधांपैकी बेव्हॅसिझुमॅब तुलनेने बरेच स्वस्त पडते, तर रॅनिबिझुमॅबचा भारतीय बनावटीचा पर्याय २०१५ पासून मिळतो. मोतीबिंदूच्या नव्हे, पडद्याच्या तज्ज्ञांनाच दाखवा. खाजगी खर्च झेपत नसेल तर सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात आधी चौकशी करा.

करवीरवासी : मनापासून आभार. रक्तदाबाची गोळी ते मधूनमधून चुकवतात.

पंचगंगाकाठ : मग फिजिशियनची भेटही याच आठवड्यात घ्या. साखर, कोलेस्टेरॉल आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या, कारण काचबिंदूमुळेही हा धोका वाढतो.

शाहूपुरी_निवासी : एक महत्त्वाची भर घालतो. एका डोळ्यासमोर अचानक पूर्ण अंधार झाला, तर धमनी तुंबल्याची शक्यता असते. ती पक्षाघाताइतकीच तातडीची अवस्था असून पडदा काही तासांतच निकामी होतो. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात किंवा उद्याच्या अपॉइंटमेंटवर वेळ न घालवता थेट पक्षाघाताचे उपचार होणारे मोठे रुग्णालय गाठावे. सोबत कानशिलाजवळ डोके दुखत असेल किंवा चावताना जबडा दुखत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण धमनीला सूज आली असल्यास दुसरा डोळा वाचवण्यासाठी स्टेरॉइड लगेच सुरू करावे लागते.