विषय: दवाखान्यात डॅनिशमधून फोन

नमस्कार मंडळी,
आम्ही डेन्मार्कमध्ये आरहूसला नवीन आहोत. लेक सारखी तापाने आजारी पडते. दवाखान्यात फोन केला की पलीकडच्या बाई भराभर विचारत सुटतात आणि मी लगेच इंग्रजीवर येते. हा फोन मला डॅनिशमधूनच करायचाय. काय काय पाठ करू?
– स्नेहा

स्नेहा,
फार पाठ करू नकोस. इथे फोन उचलणारा आधी स्वतःचं नाव सांगतो. तूही "हाय, दे एर स्नेहा" म्हण आणि थेट कामाचं बोल. त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. सगळ्यांना "डू"च, म्हणजे "तू"च म्हणायचं, डॉक्टरांनासुद्धा.

मग: "याय व्हिल गेर्ने बेस्टेले एन तीद टिल मीन डॅता", म्हणजे मुलीसाठी वेळ हवी आहे. "तीद"मधला द आपला नव्हे. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून मऊ काढायचा, जवळजवळ ल ऐकू येतो. ताप आहे: "हुन हा फेबा".

पुढचा प्रश्न ठरलेला: "से-पे-एर नुमा?", म्हणजे सीपीआर नंबर, इथला प्रत्येकाचा ओळख क्रमांक. लेकीचा दहा आकडी नंबर समोर लिहून ठेव. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे, दिवस-महिना-वर्ष. लोक ते जोडीजोडीने बोलतात, फोन नंबरही तसेच, आणि नवख्या माणसाची गाडी अडते ती इथेच. पण आपल्याला एक सोय आहे: पंचाहत्तरमध्ये जसा पाच आधी येतो, तसाच "फेम-ओ-हालफ्येर्स"मध्ये. इंग्रजीतून विचार केलास तर ५७ आणि ७५ची अदलाबदल होणारच; मराठीतून ऐक. घोकायचे ते फक्त दशक: ५० हालत्रेस, ६० त्रेस, ७० हालफ्येर्स, ८० फीर्स, ९० हालफेम्स. मागे विसांचा हिशोब आहे: त्रेस म्हणजे तीन विसा, हालत्रेस म्हणजे अडीच विसा. आपल्या आज्या विसांवर मोजायच्या, त्यांना हे पटकन कळलं असतं. ट्राममध्ये बसल्या बसल्या दुकानांवरचे फोन नंबर मनात वाचत जा.

अडलीस तर "कॅ डू टेले लेत लांगसॉमा? याय लेआ डॅन्स्क." जरा हळू बोला, मी शिकतेय. हे वाक्य सगळ्यात आधी तोंडात बसव. त्यानंतर बाई खरंच हळू बोलतात. "एत ऑयेब्लेक" ऐकलंस तर फोन ठेवू नकोस, त्या थांबायला सांगतायत.
– मीनाकाकू

काकूंना जोड: ११२, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, लावायची वेळ आली तर डॅनिशचा हट्ट नको, इंग्रजी चालतं. पत्ता मात्र आधी सांगायचा. रस्त्याचं नाव डॅनिश उच्चारात शेजाऱ्यांकडून घटवून घ्या, स्नेहा. आमच्या घरी तो पत्ता फ्रिजवर देवनागरीत लिहून लावलाय, आईबाबा इकडे आले की त्यांनाही वाचता येतो.
– प्रसाद, ओडेन्से