मदत हवी आहे : इरकली पदराच्या नमुन्याची दुरंगी लोकरी टोपी, टाक्यांचे गणित जुळत नाही

नमस्कार. मी कोल्हापुरात राहते आणि गेली वीसेक वर्षे घरच्यांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणत आले आहे. मात्र एकाच फेऱ्यात दोन रंग चालवायचे आणि जो रंग विणायचा नाही तो पाठीमागून नेत राहायचे, या पद्धतीचा हा माझा पहिलाच प्रयत्न असून त्यात मी पुरती अडले आहे.

भाचीला नोकरीनिमित्त हिवाळ्यात लेहला जायचे आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या थंडीत साध्या टोपीचा निभाव लागणार नाही. दुरंगी विणीत पाठीमागून जाणाऱ्या धाग्यांमुळे टोपी आपोआप दुपदरी होते, म्हणून ही वीण निवडली. नमुना आजीच्या इरकली लुगड्याच्या टोपपदरावरून घेतला आहे. लाल रंगात वर निमुळते होत जाणारे पांढरे दात चौकडीच्या कागदावर उतरवले, तेव्हा एक दात सोळा टाक्यांत बसला : बुडाशी तेरा पांढरे आणि तीन लाल, टोकाला एक पांढरा आणि पंधरा लाल.

लोकर शुद्ध मेंढीची, बाहेरगावहून मागवलेली आहे. (आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिकच हातात पडते. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, तेव्हा तिथूनच का घेत नाहीस, असे घरच्यांनी विचारले. पण घोंगड्याची ती लोकर कपाळाला टोचल्याशिवाय राहणार नाही.)

भाचीच्या डोक्याचा घेर ५६ सेंमी आहे. टोपी डोक्यावर नीट बसावी म्हणून ती तीन-चार सेंमी लहान, म्हणजे साधारण ५२ सेंमीची असावी, असे मी धरले. ४ मिमीच्या सुईवर एका रंगाचा सपाट तुकडा विणून पाहिला, त्यात १० सेंमीत २२ टाके भरले. त्या हिशेबाने ११२ टाके घातले, कारण त्यात सोळाचे सात दात बरोबर बसतात आणि घेर ५१ सेंमीच्या आसपास येतो. प्रत्यक्षात टोपी जेमतेम ४५ सेंमीची झाली. मोजल्यावर १० सेंमीत २५ टाके निघाले. शिवाय कापड पुठ्ठ्यासारखे ताठ झाले असून ताणले तरी फारसे वाढत नाही.

दुसरी अडचण माथ्याची आहे. नेहमीच्या सवयीने मी माथ्याचे आठ भाग पाडून टाके कमी करत गेले, पण दात सात असल्यामुळे एकही दात सरळ वर गेला नाही. काही तर मधोमध चिरले गेले. तिसरी गोष्ट म्हणजे टोपीच्या एका बाजूचे दात ठळक दिसतात, तर दुसऱ्या बाजूचे पुसट. कुकरची शिट्टी झाली म्हणून मध्ये उठले आणि परत बसताना बोटांवरचे धागे उलटसुलट घेतले गेले, एवढेच मला आठवते. त्याचा इतका परिणाम होतो का?

आता उसवून पुन्हा विणणार आहे. याच सुईवर १२८ टाके घालून आठ दात करावेत, की सुई जाड घ्यावी? दाताचा आकार शक्यतो बदलायचा नाही.

प्रतिसाद :

ताई, १२८ टाक्यांनी ५१ सेंमीचा घेर मिळेल, पण पुठ्ठा पुठ्ठाच राहील. पाठीमागचे धागे ओढले गेले आहेत, हे मूळ दुखणे आहे. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके आधी बोटांनी पसरवा आणि मगच नवा धागा घ्या. तेरा टाके धागा मोकळा सोडू नका, बोट अडकते. दर चार-पाच टाक्यांनी तो विणणाऱ्या धाग्याखाली अडकवा, मात्र प्रत्येक फेऱ्यात जागा बदला, नाहीतर लालमधून पांढऱ्या ठिपक्यांची उभी रांग दिसू लागते.

सपाट तुकड्याने तुम्हाला फसवले. त्यात एक ओळ उलट टाक्यांची येते आणि बहुतेकांचा उलट टाका सैल पडतो. टोपीत सगळे फेरे सुलट असतात. ४.५ मिमीच्या गोल सुईवर दोन्ही रंगांचा तुकडा विणा. प्रत्येक ओळ संपली की टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवा, धागा मागून सैल आणा आणि पुन्हा सुलटच विणा. तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजा.

समजा २३ टाके आले, तर ११२ टाक्यांत ४८.७ सेंमी म्हणजे घट्ट आणि १२८ टाक्यांत ५५.७ सेंमी म्हणजे ढिली टोपी होईल. दात तसाच ठेवून दोन दातांमध्ये एक लाल टाका वाढवा : सतरा गुणिले सात, ११९ टाके, ५१.७ सेंमी. बॉर्डर ३.५ मिमीच्या सुईवर १०८ टाक्यांची, दोन सुलट दोन उलट घाला आणि नंतर ११ टाके सारख्या अंतराने वाढवा. फेऱ्याची सुरुवात चार लाल टाक्यांच्या पट्टीत ठेवलीत, तर एक फेरा संपून दुसरा सुरू होतो तिथे नमुन्यात पडणारी रंगाची पायरी दिसणार नाही.

माथ्याचे भागही सातच करा. माथा सुरू होताना नवा दात बुडापासून धरा आणि एकाआड एक फेऱ्यात दाताच्या दोन्ही कडांना, लाल टाका वर राहील अशा बेताने, दोन टाके एकत्र विणा. प्रत्येक भाग सतरावरून पंधरा, तेरा असा उतरत आठ वेळा घटून एकावर येईल. उरलेल्या सात टाक्यांतून धागा ओवून आवळा.

ठळक-पुसट होण्याचे कारण तुमच्या कुकरची शिट्टीच आहे. जो धागा खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तोच रंग पुढे दिसतो. दात पांढरे आहेत, म्हणून पांढरा धागा शेवटपर्यंत खालीच ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती :

मनःपूर्वक आभार. काल तुकडा विणला, धुऊन वाळवला आणि आज मोजला : १० सेंमीत बरोबर २३ टाके आहेत. जुनी टोपी उसवून तिची लोकर भिजवली आहे, कारण वळ्या पडलेल्या धाग्याने टाके एकसारखे पडत नाहीत. ती वाळली की १०८ टाके घालते. माथ्याला आल्यावर गोल सुई मोठी पडेल, तेव्हा मोज्याच्या सुयांवर सात भाग कसे वाटून घ्यावेत, तेवढे मात्र सांगा.