जुन्या प्लेट्सची शोधाशोध: तुमचे अनुभव लिहा

निशिगंधा
काल जुन्या सामानाच्या दुकानात प्लेट्सच्या चळतीत पार तळाला निळ्या विलो नक्षीची प्लेट सापडली. पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी, बाजूला वाकलेलं झाड. आत्याकडे अशीच एकुलती एक होती. पुलावरची माणसं कुठे निघालीत यावरून आम्हा भावंडांची जुंपायची. नक्षी दिसते चिनी, पण ती घडली इंग्लंडमध्ये, 18व्या शतकाच्या अखेरीला. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, पातळ कागदावर छाप घ्यायचे आणि तो कागद प्लेटवर दाबायचे. त्यामुळे काठाला कागदाचा सांधा राहतो. माझ्या प्लेटवर तिथे नक्षी केसभर सरकली आहे, आणि मला नेमकी तीच जागा सगळ्यात आवडली. भिंतीवर लावणार. तुमच्या कुठे, कशा सापडल्या? लिहा ना.

रानवारा
फोटो टाका आधी!!

मोरपीस
आधी उलटी करून शिक्का बघायचा, समोरची फुलं नंतर. मागे देशाचं नाव असेल तर बहुधा 1891 नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेत आयात मालावर ते सक्तीचं झालं. 'निप्पॉन', म्हणजे जपान, लिहिलेलं असेल तर साधारण 1921च्या आधीची. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची थोडकी वर्षं. असा शिक्का दिसला की मी बाकी चळत बघतच नाही.

सांजवेळ
घर बदलताना आईची गुलाबाची प्लेट फुटली. तशीच शोधतेय. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

निशिगंधा
अगं! तुकडे ठेवलेस का? नक्षी जुळवायला उपयोगी पडतील.

सांजवेळ
ठेवलेत. मागच्या शिक्क्याचा तुकडा शाबूत आहे.

मोरपीस
ताई, मग अर्धं काम झालं. त्याचा फोटो फोनमध्येच ठेवा.

अण्णा_७२
टिचकी मारून बघावी. धड असेल तर खणखणते, बारीक तडा असेल तर बद्द वाजते. बोन चायना उजेडासमोर धरून मागे बोटं हलवावीत, सावली दिसते. काठावरून डोळे मिटून बोट फिरवावं. नजरेला न दिसलेला टवका बोटाला लागतो.

रानवारा
अण्णा, दुकानदार काही म्हणत नाही?

अण्णा_७२
आता तोच माझ्यासाठी टिचकी मारून ठेवतो.

घरटं
लावण्याबद्दल सांगते. प्लेट्स कागदावर ठेवून गोल आखा, कापा, भिंतीला चिकटवून ठेवा आणि येता-जाता बघा. मोठी प्लेट बरोब्बर मधोमध नको, जरा बाजूला. भिंत मोकळी वाटते. सगळ्या एकाच सेटच्या तर मुळीच नकोत. एखादा रंग सगळ्यांत असला की पुरे. स्प्रिंगच्या हँगरची टोकं सोनेरी काठ खरवडतात, तिथे मागून चिकटणारी गोल डिस्क बरी. ओली करून लावायची, पूर्ण वाळू द्यायची, मगच टांगायची.

रानवारा
आमच्या भिंतीला खिळा ठोकला की पोपडाच हातात.

घरटं
मग खाच असलेली अरुंद फळी. प्लेट उभी राहते, घसरत नाही.

पारिजात
एक कळकळीने सांगते. जुन्या ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या चकचकीत थरात, आणि रंगांत शिसं असू शकतं. बारीक भेगांची जाळी पडलेली तर जेवायला नकोच. भिंतीवर शोभू दे.

सांजवेळ
हे माहीत नव्हतं, आभार. लेकीला दाखवते.

चांदणवेल
कोणी डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कंपनीच्या नाताळच्या प्लेट्स जमवतं का? निळ्या, 1908पासून दरवर्षी एक, साल प्लेटवरच. मुलीच्या सालाची मिळाली, मुलाची नाही. तो विचारतो, माझी कुठेय?

मोरपीस
कुठलं साल?

चांदणवेल
1987.

अण्णा_७२
परवा एक निळी पाहिली होती, साल बघितलं नाही. उद्या जाऊन उलटसुलट करून कळवतो.

चांदणवेल
अण्णा, नक्की हं. त्याला एवढ्यात सांगत नाही.