डीएमए ब्लॉक दोन चिपमध्ये चालला, आता आयपी म्हणून विकता येईल का?

सिलिकॉनवेडा
नमस्कार मंडळी. आमची टीम छोटी आहे. स्वतःच्या एसओसीसाठी (सगळी सिस्टम एकाच चिपमध्ये) एक डीएमए कंट्रोलर (प्रोसेसरला मध्ये न गुंतवता डेटा हलवणारा ब्लॉक) लिहिलाय, एएक्सआय४ (चिपमधल्या ब्लॉकांना जोडणारी बस) मास्टर, डिस्क्रिप्टरवर (मेमरीत ठेवलेल्या कामांच्या यादीवर) चालणारा, दोन टेपआउटमध्ये (चिप बनवायला पाठवलेल्या डिझाइनमध्ये) गेलाय आणि दोन्ही वेळा पहिल्याच सिलिकॉनला नीट चालला. आता वरून विचारणा होतेय की हाच ब्लॉक आयपी म्हणून, म्हणजे तयार डिझाइन म्हणून, बाहेरच्या कंपन्यांना लायसन्स करू, आरटीएल (डिझाइनचा कोड) तर तयारच आहे मग अजून काय करायचंय. मला आतून वाटतंय की हे इतकं सोपं नाही, पण नेमकं काय उरलंय ते त्यांना पटेल असं सांगता येत नाहीये. आणि पैशाचं कसं असतं, एकरकमी फी की प्रोसेसरची डिझाइन्स विकणाऱ्या आर्मसारखी रॉयल्टी? ज्यांनी आयपी विकलाय किंवा विकत घेतलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

टेस्टबेंच
दोन चिपमध्ये चालला यातून एवढंच कळतं की तुमच्या इंटरकनेक्टबरोबर (ब्लॉकांना जोडणाऱ्या जाळ्याबरोबर) आणि तुमच्या मेमरी कंट्रोलरबरोबर चालला. मी व्हेरिफिकेशनवाला (डिझाइन तपासणारा) आहे म्हणून एकच उदाहरण देतो, पण नेहमी दिसणारं. एएक्सआयचा नियम आहे की डेटा देणाऱ्याने व्हॅलिड (डेटा तयार आहे हा सिग्नल) वर करायला समोरच्या रेडीची (घ्यायला तयार आहे या सिग्नलची) वाट बघायची नाही, समोरच्याने मात्र व्हॅलिड बघून मग रेडी दिला तरी चालतं. आता समजा तुमच्या स्टेट मशीनमध्ये कुठेतरी रेडी आल्यावरच व्हॅलिड वर जातो आणि तुमच्या स्लेव्हचा (मास्टरला प्रतिसाद देणाऱ्या ब्लॉकचा) रेडी कायम वरच असतो, तर वर्षानुवर्षं काही दिसणार नाही. गिऱ्हाइकाचा स्लेव्ह व्हॅलिडसाठी थांबणारा निघाला की दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, बस लटकली. चूक तुमची, आणि सापडणार त्यांच्या शेड्युलमध्ये. तसंच बर्स्टने (एका दमात जाणाऱ्या डेटाच्या गटाने) ४ केबीची सीमा ओलांडायची नाही हा नियम, सॉफ्टवेअर तुमचंच असेल तर ते बफर नेहमी अलाइन करून देत असेल आणि आरटीएलमधला बर्स्ट तोडायचा भाग कधी नीट तपासलाच गेला नसेल.

आणि पॅरामीटर! स्वतःच्या चिपसाठी एकच कॉन्फिगरेशन तपासलं की झालं, विकायचं म्हटलं की डेटा विड्थ, चॅनलची संख्या, फिफोची (रांगेसारख्या बफरची) डेप्थ यांची सगळी कायदेशीर कॉम्बिनेशन्स तुमच्या जबाबदारीवर येतात. दोन क्लॉकमधल्या फिफोत ग्रे कोडचे (दर पुढच्या आकड्याला एकच बिट बदलणाऱ्या कोडचे) पॉइंटर असतील आणि कुणी डेप्थ १२ टाकली तर पॉइंटर शेवटाकडून परत शून्यावर येताना एकाऐवजी जास्त बिट्स बदलतात, म्हणजे ग्रे कोड वापरायचं कारणच गेलं, आणि हे साध्या सिम्युलेशनमध्ये बहुतेक वेळा दिसत पण नाही. एकतर दोनच्या घातांकाशिवाय दुसरी डेप्थ टाकली की एलॅबोरेशनलाच (टूल डिझाइन जोडून उभं करतं तेव्हाच) एरर द्या, नाहीतर ते खरंच सपोर्ट करा. मधलं काही चालत नाही.

गेट४२
मी घेणाऱ्यांच्या बाजूला आहे. आरटीएल वाचायला आमच्याकडे कुणाला वेळ नसतो खरं सांगायचं तर, कित्येकदा ते आयट्रिपलई १७३५ या स्टँडर्डने एनक्रिप्ट होऊनच येतं. आम्ही आधी बघतो डेटाबुक, एसडीसी कन्स्ट्रेंट्स (टायमिंगच्या अटी), लिंट (कोडमधल्या चुकांची तपासणी) आणि सीडीसीचे (एका क्लॉकमधून दुसऱ्यात जाणाऱ्या सिग्नलचे) रिपोर्ट वेव्हर्ससकट, म्हणजे माफ केलेल्या सूचनांसकट (प्रत्येक वेव्हरला कारण लिहिलेलं पाहिजे), कव्हरेज रिपोर्ट (किती भाग तपासला), रजिस्टर मॅप आयपी-एक्सॅक्ट या फॉरमॅटमध्ये, पॉवर डोमेन असतील तर यूपीएफ (पॉवरचं वर्णन करणारी फाइल), आणि माहीत असलेल्या बगांची यादी. ज्या व्हेंडरची इराटा शीट (ही बगांची यादी) रिकामी असते त्याच्यावर माझा विश्वास कमी बसतो, कारण बग नाहीत यापेक्षा कुणी शोधले नाहीत ही शक्यता मोठी असते. यातलं तुमच्याकडे आज किती आहे ते मोजा, वरच्या लोकांना दाखवायला तेच पुरेसं आहे.

वेफरवाला
पैशाबद्दल. आर्म १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून काढली, आणि आधी लायसन्स फी मग प्रत्येक चिपमागे रॉयल्टी हे गणित तिने रूढ केलं. पण ते तिला जमतं कारण प्रोसेसरवर कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टम, ॲप्स असा सगळा डोलारा उभा असतो, गिऱ्हाईक सहज सोडून जाऊ शकत नाही. डीएमए दुसऱ्याचा घालता येतो, नाहीतर घरी लिहिता येतो, त्यामुळे त्यावर रॉयल्टी कुणी सहजासहजी देणार नाही, आणि मिळाली तरी गिऱ्हाइकाने किती चिप विकल्या हे तपासायला ऑडिटचं कलम आणि माणूस लागतो. अशा ब्लॉकला एकरकमी फी, एका प्रोजेक्टपुरती किंवा अनेक प्रोजेक्टसाठी, आणि वर दरवर्षी सपोर्टचे पैसे, हेच झेपतं. आर्टिझन या कंपनीने तर वेगळीच वाट काढली होती, स्टँडर्ड सेल (तयार छोटे लॉजिक भाग) आणि मेमरी लायब्ररी डिझायनरला फुकट द्यायची आणि रॉयल्टी फाउंड्रीकडून (चिप बनवणाऱ्या कारखान्याकडून) घ्यायची, पुढे २००४ मध्ये आर्मने ती कंपनीच घेतली. सपोर्टला कमी लेखू नका हं, टेपआउटच्या आदल्या आठवड्यात गिऱ्हाइकाचा फोन आला की तुमचा मुख्य माणूस तिकडे अडकला, इकडचा प्रोजेक्ट थांबला. माझ्या मते छोट्या टीमचं आयपीचं गणित इथेच बिघडतं, लिहिण्यात नाही.

सिलिकॉनवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार, @गेट४२ ची यादी उद्याच मीटिंगमध्ये ठेवतो. दोन शंका अजून. ओपन सोर्समध्ये इतकं फुकट मिळत असताना कुणी विकत का घेईल? आणि आमच्या आरटीएलमध्ये डिस्क्रिप्टर रॅमसाठी फाउंड्रीचा मेमरी मॅक्रो (तयार मेमरी ब्लॉक) थेट इन्स्टॅन्शिएट केलाय, म्हणजे कोडमध्ये नावानिशी वापरलाय, तो तसाच देता येतो का?

टेस्टबेंच
फुकट कोड आणि जबाबदारी घेणारा माणूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रिस्क-व्ही (प्रोसेसरचा सगळ्यांना खुला इन्स्ट्रक्शन सेट) २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालं आणि आज चांगले कोर मोफत मिळतात, पण ओपनएचडब्ल्यू या ओपन सोर्स संस्थेने झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाचा आरआय५सीवाय कोर हातात घेऊन सीव्ही३२ई४०पी म्हणून बाहेर आणला तेव्हा त्यांची मोठी मेहनत व्हेरिफिकेशनवरच गेली. तो कोर वापरायला फुकट आहे, पण ती मेहनत कुणीतरी पगार देऊन करून घेतलीच ना. तुमच्याकडे विकण्यासारखं असेल तर तेच.

मेमरी मॅक्रो नाही देता येणार. एक तर ते मॉडेल तुम्हाला एनडीएखाली (गुप्ततेच्या कराराखाली) मिळालेलं असतं, पुढे द्यायचा हक्क बहुधा नसतोच, करार काढून वाचा. आणि गिऱ्हाइकाचा नोड (चिप बनवायची प्रक्रिया) वेगळा असेल तर तो मॅक्रो त्याच्या काही कामाचा नाही. सगळ्या रॅमभोवती एक रॅपर घाला, आत फक्त वागणूक दाखवणारं साधं मॉडेल ठेवा, आणि रीड लेटन्सी किती सायकल गृहीत धरलीय, एकाच पत्त्यावर एकाच वेळी रीड आणि राइट आलं तर काय अपेक्षित आहे हे डेटाबुकमध्ये स्पष्ट लिहा. बिस्टचे (मेमरी स्वतःच तपासणाऱ्या सर्किटचे) पिन पण रॅपरमधून बाहेर काढून ठेवा, गिऱ्हाइकाची डीएफटी टीम (बनलेली चिप तपासता यावी अशी सोय करणारी) ते मागणारच.