मदत हवी आहे: गजबजलेल्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये पाच मैत्रिणींचं जेवण, एकीला गहू चालत नाही, एकीला गोंगाटात ऐकू येत नाही

नमस्कार मंडळी,

सिद्धेश्वरांच्या यात्रेला जानेवारीत आमच्या शाळेतल्या मैत्रिणी सोलापूरला माहेरी येतात. पुण्याची एक, बंगळूरची एक, लातूरची एक आणि गावातल्या आम्ही दोघी. नंदीध्वजांची मिरवणूक, गड्ड्यावरची, म्हणजे जत्रेतली, चक्कर हे ज्याच्या त्याच्या घरच्यांबरोबर होतं, म्हणून यात्रा आटोपल्यावरची एक संध्याकाळ फक्त आमची असते. यंदा बंगळूरकरणीने मेक्सिकन जेवायचं ठरवलंय. विजापूर रोडच्या बाजूला रेस्टॉरंट आणि लाउंज असं एक ठिकाण आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही). मी लेकीबरोबर जाऊन आले. रंगवलेल्या भिंती, मोठमोठी टेबलं, शनिवारी रात्री डीजे. मला जागा मनापासून आवडली. पण आमच्यातल्या दोघींची काळजी वाटते आणि त्यासाठीच हा धागा.

लातूरच्या मैत्रिणीला सीलिअॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार, आहे. गहू, मैदा, रवा, जव काहीच चालत नाही, ताटात चुरा पडला तरी पुढचे कितीतरी दिवस त्रास होतो. घरी अडचण नसते, ज्वारीची भाकरी आमच्याकडे रोजचीच. हॉटेलात मात्र ती बिचारी साधा भात मागवून बसते. म्हणून मेक्सिकन म्हटल्यावर मला आनंद झाला होता, कारण ते मूळचं मक्याचं जेवण. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, सालं काढून वाटतात. चुन्यामुळे त्या पिठाला चिकटपणा येतो आणि नुसत्या मक्याची पातळ तोर्तिया, म्हणजे तिकडची पोळी, लाटता-दाबता येते. आपलं मक्याचं साधं पीठ तसं धरून राहत नाही, म्हणून इकडे पुष्कळ ठिकाणी त्यात मैदा मिसळतात. मेन्यूत 'कॉर्न' लिहिलंय एवढ्यावर मी कसा विश्वास ठेवू? वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो आत न जाताच म्हणाला, "मक्याचंच आहे मॅडम."

दुसरी मैत्रीण, पुण्याची, दोन्ही कानांना यंत्र लावते. समोरासमोर छान बोलते, पण गाणी मोठ्याने लागली की तिला शब्द सुटे कळत नाहीत. मग ती हसून मान डोलवत राहते, आणि तिला ओळखणाऱ्यांना ते लगेच दिसतं. शाळेत वर्गाला हसवणारी हीच होती. तिने चार तास गप्प बसावं हे मला सहन होणार नाही.

घरीच बेत करा, असं तुम्ही सुचवाल. ते सोपं आहे. पण त्या दोघींमुळे सगळ्यांचा बेत बदलला असं त्यांना वाटायला नको, आणि झगमगीत ठिकाणी जाण्याचा हक्क त्यांनाही आहेच ना. दुपारी जाण्याचा विचार केला, पण दोघींना जमत नाही.

तर विचारायचंय ते असं. आचाऱ्याला नेमकं काय विचारू, म्हणजे तो खरं उत्तर देईल? डीजे असलेल्या ठिकाणी कुठलं टेबल मागावं? आणि आमच्यात तिघी शाकाहारी आहेत, तर राजम्याच्या त्या घोटलेल्या पदार्थात डुकराची चरबी घालतात हे इथेही होतं का? पिण्याचं विचारू नका, एक-दोघी टकीला घेतील, बाकीच्यांना चिंचेचं सरबत पुरे. मेक्सिकोतही ते पितातच.

जाता जाता एक. मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझकडे साल्सा माचा म्हणून प्रकार असतो, सुक्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात परतून वाटलेला. आपल्या शेंगाचटणीची चुलत बहीणच म्हणा. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही तिकडच्या खंडातून आपल्याकडे आले, तेव्हा नातं आहेच. मी चटणीची पुडी पर्समध्ये नेणार आहे.

प्रतिसाद:
ताई, माझ्या मुलाला सीलिअॅक आहे, त्यामुळे हे पाठ झालंय. "गहू आहे का" असं विचारू नका, पिठाचं पाकीट दाखवा म्हणा. त्यावरचे घटक स्वतः वाचा. पुढे तीन गोष्टी विचारा: तोर्तिया मैद्याच्या तोर्तियाबरोबर एकाच तव्यावर गरम करता का, नाचोज (मक्याच्या कुरकुरीत चकत्या) आणि चुर्रोज (तळलेला गोड पदार्थ) एकाच तेलात तळता का, आणि एन्चिलाडाच्या (सॉस घातलेल्या भरल्या तोर्तियाच्या) सॉसला मैदा लावून घट्टपणा आणता का. चुर्रोज मैद्याचे असतात, त्यामुळे तेल एकच असेल तर नाचोज बाद. बरीटो आणि केसाडिया (सारण भरलेल्या तोर्तिया) बहुतेक मैद्याचेच, ते सोडून द्या. भात, राजमा, साल्सा, ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी), भाज्या असं वाडग्यात मागवलं तर पोटभर होतं. फोन शनिवारी रात्री करू नका, आचारी मोकळा असतो तेव्हा, दुपारी चारच्या सुमाराला जा. चरबीचं तेव्हाच विचारा, मेक्सिकोत परंपरेने घालतात, इथे बहुतेक तेल किंवा लोणी असतं, पण खात्री केलेली बरी.

प्रतिसाद:
मीही यंत्र वापरते. कोपऱ्यातलं गोल टेबल मागा, स्पीकरपासून लांब. बऱ्याच यंत्रांत समोरचा आवाज उचलून मागचा कमी करायची सोय असते, ती चालू असेल तर मैत्रिणीची पाठ गोंगाटाकडे असू द्या आणि तुम्ही सगळ्या तिच्या समोर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यांवर हवा, आम्ही ओठ बघून निम्मं ऐकतो. एका वेळी एकीनेच बोला. आणि डीजे किती वाजता सुरू होतो ते विचारून घ्या, त्याच्या दीड-दोन तास आधी बसलात तर गप्पा होऊन जातात.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघींचे आभार. यंत्रातल्या सोयीचं तिला आजच विचारते. उद्या दुपारी चारला जाऊन पाकीट बघते, तेलाचंही विचारते आणि संध्याकाळी साडेसहाचं कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवायला सांगते. त्यांनी पाकीट दाखवायला नकार दिला, तर दुसरं ठिकाण शोधू. तसं काही सोलापुरात माहीत असेल तर इथेच लिहा.