आबांच्या वर्षश्राद्धाला घरगुती स्मरणिका: फोटो, कॅसेटी आणि जन्मतारखेचा घोळ

वडोद्याची_नात
नमस्कार. आमचे आबा (आजोबा) गेल्या कार्तिकात वयाच्या ९२ व्या वर्षी गेले. दांडिया बाजारातलं घर, सकाळी आखाडा, रात्री ओट्यावर बैठक आणि रोज जेवायला पंधरा-वीस पानं. अख्ख्या कुटुंबाचा कणा होते ते. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आहे, साधारण १५० प्रती. अडचणी अशा:

फोटो सत्तरेक आहेत. काही काचेला चिकटलेत, काही चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत. त्यांच्या आवाजाच्या दोन कॅसेटी आहेत. जन्मतारखा दोन आहेत: शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३३, पत्रिकेत संवत १९९०, भाद्रपद कृष्ण पक्ष. (त्यांचं आजोळ ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर भागातलं, जन्म तिथलाच.) सयाजीराव महाराजांच्या हातून कुस्तीचं बक्षीस मिळाल्याची गोष्ट सगळे सांगतात, पण प्रत्येकाची वेगळी. आणि ज्यांना लेख मागितले त्या सगळ्यांनी “आबा म्हणजे देवमाणूस” असं लिहून पाठवलंय. काय करावं?

लष्करकर
तारखेचं आधी सांगतो, कारण इथे हमखास एक वर्ष चुकतं. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, आमच्याकडे ग्वाल्हेरात चैत्रात. म्हणून संवत १९९० चा भाद्रपद वडोद्याच्या हिशेबाने १९३४ मध्ये येतो आणि ग्वाल्हेरच्या हिशेबाने १९३३ मध्ये. पत्रिका आजोळी मांडलेली असेल तर १९३३ धरा. तरीही पत्रिकेत शके शोधा, बहुतेक पहिल्या दोन ओळींतच असतो. १८५५ असेल तर १९३३, १८५६ असेल तर १९३४. शक दोन्हीकडे एकच चालतो, त्यामुळे वर्षाचा वाद तिथेच मिटतो.

महिन्याचा घोळ वेगळा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या मराठी पंचांगात अमावास्येला. त्यामुळे मराठी श्रावण वद्य तो इथला ग्वाल्हेरचा भाद्रपद कृष्ण. पत्रिका मराठी जोशीबुवांनी केली असेल तर जन्म सप्टेंबरातला, इथल्या पंडितांनी केली असेल तर ऑगस्टातला. “वद्य” लिहिलंय की “कृष्ण/बदी”, यावरून अंदाज येतो, पण खात्री वारानेच होते. जुनी पंचांगं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर गाव ग्वाल्हेर निवडून दोन्ही महिन्यांतली त्या तिथीची तारीख काढा. पत्रिकेतला वार एकीलाच जुळेल. जन्म पहाटेचा असेल तर सूर्योदयापर्यंत आदलाच वार धरलेला असतो, हे विसरू नका.

शाळेची १ जून सोडून द्या. त्या काळी नाव घालताना वयाच्या हिशेबाने जूनची पहिली तारीख टाकून देत, घरोघरी तीच सापडते. आणि यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे वर्षश्राद्धाची तिथी गेल्या वर्षीच्या तारखेच्या अठरा-वीस दिवस पुढे जाईल. छपाईला तेवढी सवड मिळाली.

जुने_फोटो
काचेला चिकटलेला फोटो ओढू नका आणि पाणीही लावू नका. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. फ्रेमची मागची पाठ काढा, काच बाहेरून पुसा आणि काचेसकट स्कॅन करा. चिकट अल्बममधला फोटो मात्र निघतो. दातांत घालायचा फ्लॉस कोपऱ्यातून फोटोखाली सरकवायचा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्यायचा. नाहीच निघाला तर अख्खं पान स्कॅन करा.

त्या काळच्या बॉक्स कॅमेऱ्याचे फोटो साधारण ६ × ९ सेंटिमीटरचे. ते ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले की छपाईत दुप्पट मोठे नीट येतात. फाइल टिफ ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. नवीन नावं मऊ पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

कॅसेट लगेच वाजवू नका. मधल्या फटीत पितळी पट्टीवर नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) चिमुकला तुकडा असतो. डिंक वाळून तो कित्येकदा गळून पडलेला असतो आणि मग आवाज घोगरा, दबलेला येतो. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडेच द्या, तुमच्या प्लेअरचं हेडसुद्धा खराब होईल. बाकी ठीक असेल तर पहिल्याच वेळी लॅपटॉपवर वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या. मिनिटाला १० एमबी धरा, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी.

राजवाडा_इंदूर
लेख मागवणं बंद करा. कागद समोर आला की माणूस श्रद्धांजली लिहितो. त्याऐवजी वीस मिनिटं समोर बसवून बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर. पंखा बंद, नाहीतर शब्दांची टोकं ऐकू येत नाहीत. “आबा कसे होते?” विचारलंत की “देवमाणूस” हेच उत्तर येणार. विचारायचं असं: बाहेरून आले की पहिली हाक कोणाला? पैसे कुठे ठेवत? रागावले की नेमका शब्द कोणता? कोणाशी अबोला धरला होता, आणि तो कसा सुटला? सुनांना वेगळं बसवून विचारा. रोजची पंधरा-वीस पानं कोणी वाढली, किती वाजता चूल पेटायची, हे त्यांनाच ठाऊक असतं आणि त्याशिवाय आबांचं दातृत्व अर्धंच कळतं.

त्यांचं बोलणं जसंच्या तसं ठेवा. आबा “हो ने?” म्हणत असतील तर “हो ना?” करू नका. वडोद्याच्या मराठीतला तो “ने” पुणेरी केला की आबा त्या पानावरून उठून जातात.

बक्षिसाची गोष्ट: सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला वारले. आबा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. म्हणजे कुस्तीचं बक्षीस खरोखर महाराजांच्या हातचं असेल तर ते त्यांच्या मागून गादीवर आलेले नातू प्रतापसिंहराव. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा आबा पंधरा वर्षांचे होते. कुमार गटातली कुस्ती असणार. गोष्ट काढू मात्र नका. दोन-तीन रूपं शेजारी छापा, खाली “मोठ्या आत्याने सांगितलेली”, “धाकट्या काकांनी सांगितलेली” असं लिहा आणि हा हिशेब एका ओळीत द्या.

छापखाना_रावपुरा
ए-५ आकार, ६४ पानं, आत ९० जीएसएम (कागदाचं वजन) मॅपलिथो म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, कव्हर ३०० जीएसएम मॅट लॅमिनेशन. १५० प्रतींना डिजिटलच करा, ऑफसेटच्या प्लेटा परवडणार नाहीत. ६४ पानांपर्यंत सेंटर पिन (घडीवर मधोमध पिन मारलेली बांधणी) चालते. पानं चारच्या पटीत हवीत. वंशावळ पान ३२-३३ वर घ्या, तिथे मधला कागद अखंड असतो. दुसरीकडे टाकलीत तर एखाद्या काकांचं नाव घडीत जातं. आत १५ मिलिमीटर समास सोडा. अक्षर १३ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे निम्मे सत्तरीचे असतील.

मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधून बदलताना र्‍ह, र्‍य तुटतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतलात तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी फॉन्टमध्ये ते परके दिसतात. ऑपरेटर हिंदी सवयीचा असेल तर “ळ” चा “ल” करून ठेवतो, तेव्हा “आजोळ”, “मंडळी”, “जेवणावळ” हे शब्द शोधून पाहा. आधी एकच प्रत काढा, एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. नावांच्या चुका अशाच सापडतात.

वडोद्याची_नात
पत्रिकेत शके १८५५ निघाला, म्हणजे १९३३. वार भिंगाने बघावा लागेल, कागद घडीवर विरलाय; आधी स्कॅन करून मगच उलगडते. एका कॅसेटमधला नमदा खरंच गळालेला आहे. रविवारी मोठ्या काकूंना बसवतेय, चुलीच्या वेळेपासून सुरुवात.