ब्लड बोल: पेटीत नसलेले संघ खरे की चाहत्यांनी रचलेले?

सोहम_डोंबिवली
दादाने इंग्लंडहून येताना ब्लड बोलची 2016 ची पेटी आणली, म्हणजे पुतळे आणि फाशांनी पटावर खेळायचं काल्पनिक जगातलं फुटबॉल. त्यात माणसं आणि ऑर्क (हिरवे राक्षस) असे दोनच संघ आहेत. एकाने मला ‘कॉम्पिटिशन रूल्स पॅक’ या नियमपुस्तकाची जुनी पीडीएफ पाठवली आणि सोबत स्लान (बेडकांसारखे), केऑस पॅक्ट, अंडरवर्ल्ड या संघांची पत्रकं. मला स्लान फार आवडलेत. पण ज्याच्याशी खेळतो तो म्हणतो, हे सगळं चाहत्यांनी घरी बसून लिहिलंय, त्याला काही किंमत नाही. खरं काय?

मधल्या_आळीतला_रेफरी
सोहम, चाहत्यांचा हात आहे हे खरं. किंमत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. तुझ्या 2016 च्या पेटीतले बरेचसे नियम त्याच पीडीएफमधून आलेत.

जर्व्हिस जॉन्सनने हा खेळ 1986 मध्ये केला, तेव्हा पुतळ्यांच्या जागी पुठ्ठ्याचे खेळाडू होते. 1994 ला तिसरी आवृत्ती आली आणि पुढे गेम्स वर्कशॉप या कंपनीचं लक्ष दुसरीकडे गेलं. मग जॉन्सननेच ‘लिव्हिंग रूलबुक’ काढलं: नेटवर फुकट आणि वेळोवेळी सुधारलेलं. तुझी पीडीएफ म्हणजे त्याचंच शेवटचं रूप. त्यासाठी जी समिती बसायची तिच्यात लीग चालवणारे खेळाडू होते. कुठला संघ सारखा जिंकतो, कुठला डबघाईला येतो, हे त्यांना लीगमध्ये रोज दिसत होतं.

त्यांचं सगळ्यात सुंदर काम म्हणजे इंड्यूसमेंट्स. पूर्वी तगड्या संघासमोर नवखा संघ आला की हँडिकॅपच्या तक्त्यावर फासे टाकायचे, मिळेल ते घ्यायचं. पाचव्या लिव्हिंग रूलबुकने ठरवलं की दोन संघांच्या किमतीतला फरक दुबळ्याच्या हातात पैसे म्हणून द्यायचा. समजा खेळातल्या पैशांत तुझा संघ 10 लाखांचा आणि समोरचा 13 लाखांचा. तुला 3 लाख मिळाले. दीड लाखाचा मांत्रिक घे, तो एकदाच आगीचा गोळा टाकेल. 1 लाखाची लाच ठेव, फाउल करताना पकडलेला तुझा माणूस मैदानावरच राहील, फक्त फाशावर 1 पडू नये. उरलेल्या 50 हजारांत बेशुद्ध पडलेल्यांना शुद्धीवर आणायला ब्लडवायझर बिअर. आता हरणाऱ्याकडेही डाव आखायला काहीतरी असतं. हेच पुढे कंपनीच्या नव्या आवृत्तीच्या नियमांतही आलं.

2013 च्या सुमाराला कंपनीने हा खेळ विकणंच थांबवलं. तरी 2015 चा वर्ल्ड कप इटलीतल्या लुक्का शहरात झाला, तोही खेळाडूंच्याच ‘नाफ’ संघटनेने भरवला. दुकानात खेळ नाही आणि शेकडो माणसं देशोदेशींहून येऊन खेळतायत! पुढच्याच वर्षी कंपनीने पेटी परत आणली. एवढं झाल्यावर ‘घरी बसून लिहिलंय’ म्हणून कुणी नाक मुरडलं की मला खरंच वाईट वाटतं.

तुझे तीन संघ लिव्हिंग रूलबुकच्याच काळातले. केऑस पॅक्ट पुढे केऑस रेनेगेड्स नावाने अधिकृत झाला, अंडरवर्ल्डलाही कंपनीने पेटी दिली.

वहिनी_नॉटिंगहॅम
पुतळ्यांबद्दल सांगते. स्पेन-इटलीतल्या छोट्या कारखान्यांनी मधल्या वर्षांत सुरेख संघ घडवले. ‘ब्लड बोल’ हे नाव त्यांना वापरता येत नाही, म्हणून ‘फँटसी फुटबॉल’ लिहून शोध. स्लान हवेत तर ‘फ्रॉग टीम’ असं टाक.

लीगप्रमुख_कोथरूड
एक गोष्ट सांभाळ. 2020 च्या आवृत्तीपासून पास टाकण्याचा वेगळा आकडा आला आणि चपळाई 3+, 4+ अशी लिहितात. जुन्या पत्रकावर पासचा आकडाच नाही, त्यामुळे ते तसंच्या तसं नव्या नियमांत चालत नाही. 2016 च्या पेटीशी मात्र छान जमतं.

सोहम_डोंबिवली
धन्यवाद! मित्राला इंड्यूसमेंट्सचं पान दाखवलं, तो तयार झाला. पण स्लानमध्ये सुरुवातीला क्रॉक्सिगॉर, म्हणजे तो भलामोठा सरड्यासारखा खेळाडू, घेऊ का?

मधल्या_आळीतला_रेफरी
नको. एकट्या क्रॉक्सिगॉरला 1 लाख 40 हजार जातात. लाइनमन, म्हणजे साधा खेळाडू, 60 हजारांना पडतो आणि तोही समोरच्यांवरून उडी मारतो, स्लानची खरी ताकद त्या उडीतच आहे. आधी रीरोल (फासा पुन्हा टाकायची संधी) घे, 50 हजारांना एक. उडी चुकली की माणूस तोंडावर आपटतो आणि तुझी पाळी तिथेच संपते.